सव्वासहा फुटी माणूस, चार फुटी गाडी

न्यू जर्सीतल्या मिलव्हिलच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, जिथे पैसे भरून आपलीच गाडी पळवता येते, एका सकाळी माझ्या डोक्यावर झाडूचा दांडा ठेवला गेला. खराखुरा, पिवळ्या लाकडाचा, झाडू काढून घेतलेला. मी माझ्या १९९६ च्या मझदा मिआटात छत उघडून, बेल्ट आवळून, हेल्मेट घालून बसलो होतो. तपासनीसाने दांड्याचं मागचं टोक सीटमागच्या पोलादी कमानीच्या, म्हणजे रोल बारच्या, माथ्यावर टेकवलं, पुढचं टोक समोरच्या काचेच्या चौकटीवर ठेवायला गेला आणि दांडा माझ्या हेल्मेटवरच अडला. पुढचं टोक चौकटीच्या वर अधांतरी. "उंची किती?" "सहा-तीन." "मग आज दुसऱ्या कुणाच्या गाडीत शेजारी बसून बघ," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. माझे तीनशेच्या वर डॉलर गेले आणि दिवसभर मी लोकांच्या टायरमध्ये हवा भरत होतो.

अमेरिकेत उघड्या छताची गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांना ही 'ब्रूमस्टिक टेस्ट' तोंडपाठ असते. नियम मात्र आयोजकागणिक बदलतो. कुठे दांडा हेल्मेटला लागला नाही की झालं. कुठे दांडा आणि हेल्मेट यांच्यात दोन इंच मोकळी जागा लागते. काही जण काचेची चौकट जमेसच धरत नाहीत, हेल्मेट बारच्या माथ्याच्या दोन इंच खाली आहे का तेवढं बघतात. ज्यांच्याकडे जायचं त्यांचं नियमपत्रक बार विकत घेण्याआधी वाचावं. मी नंतर वाचलं.

गाडीबद्दल दोन शब्द, कारण अडचण तिच्या जन्मातच आहे. मझदाने ती १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली. बहुतेक जगात नाव एमएक्स-५, अमेरिकेत मिआटा. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी एक जपानी कल्पना धरून ठेवली होती: जिन्बा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे घोड्यावरच्या पक्क्या बैठकीला 'मांड' म्हणतात, तेच. स्टिअरिंग, गिअर, पॅडल सगळं अंगाशी, वजन हजार किलोच्या आत, लांबी चार मीटरच्या आत, आणि छत लावलं तरी जमिनीपासून उंची जेमतेम चार फूट. गाडी स्वस्त, टायर-ब्रेक लवकर झिजत नाहीत, वळणावर शिकवते भरपूर. म्हणून अमेरिकेतल्या कुठल्याही ट्रॅक डेला चार-दोन मिआटा दिसणारच. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पण अंगाशी बसवायचं म्हटलं की कुणाच्या तरी अंगाचं माप घ्यावं लागतं, आणि ते माप माझ्यासारख्याचं नव्हतं.

उंच माणसाची ही तक्रार जुनी आहे. १९६७ च्या फ्रान्समधल्या ल मान शर्यतीत फोर्डने आपला चालक डॅन गर्नी याच्यासाठी गाडीच्या छतालाच फुगवटा काढला होता, कारण सव्वासहा फुटांहून उंच गर्नीचं हेल्मेट आत मावत नव्हतं. त्याला लोक अजून 'गर्नी बबल' म्हणतात. ती शर्यत तो ए. जे. फॉइटबरोबर जिंकलाही. उघड्या गाडीला फुगवटा काढायला छतच नाही. तिथे वर जागा करता येत नाही, आपल्यालाच खाली जावं लागतं.

दांडा नेमकं काय मोजतो

गाडी उलटली अशी कल्पना करा. चाकं आकाशाकडे. अशी गाडी जमिनीवर मुख्यतः दोन जागी टेकते: मागे रोल बारचा माथा आणि पुढे काचेची चौकट, किंवा ती दबली तर बॉनेट. या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे त्या क्षणी जमीन. झाडूचा दांडा ती जमीन आधीच आणून तुमच्या डोक्यावर ठेवतो. हेल्मेट दांड्याला लागतंय याचा अर्थ गाडी उलटली तर गाडीचं वजन बारवर येण्याआधी तुमच्या मानेवर येणार.

मग दोन इंच जादा कशाला? कारण उलटं लटकल्यावर माणूस बसल्या जागी राहत नाही. पट्टे ताणले जातात, सीटचा फोम बसून दबलेला असतो तो फुगतो, आणि अंग छताच्या दिशेने, म्हणजे आता खाली, सरकतं. त्यात बार डांबरावरच टेकेल असं नाही. ट्रॅकच्या कडेला गवत आणि ओली माती असते, तिथे तो रुततो. आणि जुन्या मिआटाच्या काचेची चौकट काही उलट्या गाडीचा भार पेलायला घडवलेली नाही. हे सगळं धरलं तर दोन इंच फारच काटकसरीने सांगितलेत.

आता बार. खरा रोल बार म्हणजे सीटमागे उभी जाड पोलादी नळीची कमान, तिला मागे तिरके आधार, आणि पाय गाडीच्या सांगाड्याला मजबूत पट्ट्यांवर बोल्ट केलेले. बाजारात हुबेहूब तसाच दिसणारा 'स्टाइल बार' मिळतो. तो शोभेचा असतो, भार आला की वाकतो. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मिआटांना, म्हणजे २००५ नंतरच्या एनसी आणि २०१५ नंतरच्या एनडीला, सीटमागे कारखान्याच्याच कमानी येतात. काही आयोजक त्या चालवून घेतात, काही नाही. पण उंच माणसाला हा वाद घालायची गरजच पडत नाही, कारण त्याचं हेल्मेट त्या कमानींच्या वर असतं. वरून बसवायचं कडक छत, हार्डटॉप, हेही रोल बारची जागा घेत नाही. मला वाटायचं घेतं. ते पाऊस अडवतं.

मग बारच उंच घ्यावा, हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पण बारच्या वरून कापडी छत मिटलं पाहिजे. त्यामुळे बारची उंची छताच्या उंचीला बांधलेली. छत कायमचं काढून टाकायची तयारी असेल तर मग कितीही उंच बार बसवा. पावसाळी देशातला माणूस शक्यतो ते करत नाही.

उंची नव्हे, बैठक

"सहा फुटाचा माणूस मिआटात मावतो का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकलेला आहे. माझा एक मित्र माझ्याच उंचीचा. दोघं भिंतीला पाठ लावून शेजारी उभे राहिलो तर केसाचा फरक. तो माझ्या गाडीत बसला आणि त्याच्या हेल्मेटला दांडा लागला नाही! त्याची उंची पायांत आहे, माझी कण्यात.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी घरी मोजा. फरशीवर भिंतीला पाठ आणि ढुंगण टेकवून ताठ बसा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, कुणाला तरी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची बैठी उंची. ती एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, पण तो 'थोडी' माणसागणिक दोन-दोन इंचांनी बदलतो आणि इथे सगळा खेळ तेवढ्याच इंचांचा आहे. मग हेल्मेट घालून पुन्हा मोजा. हेल्मेट दीड-दोन इंच सहज खातं, आणि सगळी हेल्मेटं सारखी नसतात. मी दोन कंपन्यांची एकाच साइझची हेल्मेटं घालून बघितली तर खुणांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. ट्रॅकला बहुतेक ठिकाणी हेल्मेटं तपासणाऱ्या स्नेल संस्थेचं 'एसए' शिक्क्याचं हेल्मेट मागतात, मोटरसायकलचं 'एम' नव्हे. एसएची चाचणी आगीसाठीही होते आणि रोल बारवर पुन्हा पुन्हा डोकं आपटण्यासाठीही. उघड्या गाडीत तो दुसरा मुद्दा काही कागदावरचा नाही.

लांब पायांचा त्रास वेगळा. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागतात, ते हैराण होतात, पण परीक्षा पास होतात. लांब कण्याचा माणूस आरामात बसतो आणि नापास होतो.

खाली जायचे रस्ते

सगळ्यांत सोपा रस्ता सगळ्यांत वाईट. सीटची पाठ मागे पाडायची, म्हणजे डोकं आपोआप खाली जातं. तपासणीच्या रांगेत हे करणारे मी बघितलेत. मीही केलंय. तपासनीस बहुतेक वेळा ओळखतात, म्हणतात, "आता क्लच पूर्ण दाबून दाखव आणि स्टिअरिंगच्या माथ्याला हात लाव." खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. लोळून बसलेल्याचं मनगट तिथवर पोचत नाही. त्याहून मोठी भानगड पट्ट्याची. मांडीवरचा पट्टा कमरेच्या हाडावर बसायला हवा; लोळलेल्या माणसाच्या अंगावर तो वर सरकून पोटावर येतो. समोरून धडक बसली की शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं, याला सबमरीनिंग म्हणतात, आणि सगळा दाब आतड्यांवर येतो. डोकं वाचवायला गेलो आणि पोट गमावलं.

दुसरा रस्ता गादी कापायचा. मिआटावाल्यांनी याला शस्त्रक्रियेसारखं नावही दिलंय: फोमेक्टमी. सीट बाहेर काढायची, खालचं कव्हर सोडवायचं आणि ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने आतला फोम कमी करायचा. मी आमच्या गॅरेजमध्ये जुनी चादर पसरून एका रविवारी हे केलं. जुना फोम तळव्यावर पिठासारखा उतरतो आणि शिंका थांबत नाहीत. इंचभर खाली गेलो. पण कुठे कापायचं हे महत्त्वाचं. बैठकीची हाडं टेकतात तिथलं कापायचं. पुढची, मांडीखालची चढण कापायची नाही, कारण अंगाला पुढे घसरू न देणारी तीच आहे. आणि इतकंही कापायचं नाही की खाली फक्त पत्रा आणि स्प्रिंग उरतील. गाडी आपटली तर तो दणका थेट मणक्यात जातो.

तिसरा रस्ता, जो मला अखेर घ्यावा लागला: मूळ सीट आणि तिच्या सरकत्या पट्ट्या, रेल, दोन्ही काढून एकसंध पाठीची बकेट सीट थेट तळाला बोल्ट करायची. नुसते रेल गेले तरी इंचभर मिळतो, बकेटचा तळ पातळ असतो त्याचा आणखी. अडचण रुंदीची. दरवाजा आणि दोन सीटमधला उंचवटा (त्याला बोगदा म्हणतात) यांच्यामधली जागा इतकी चिंचोळी की अनेक सीट खांद्यापाशी किंवा कमरेपाशी अडकतात. शिवाय डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पंख असलेल्या 'हेलो' सीट बऱ्याचदा छताला किंवा बारला लागतात. विकत घेण्याआधी ती सीट आपल्याच पिढीच्या गाडीत कुणीतरी बसवलेली बघा. शर्यतवाले याच्याही पुढे जातात. ते सीटच्या आत जाड पिशवीत फुगणारा द्रव फोम ओततात आणि तो घट्ट होईपर्यंत त्यावर शर्यतीच्या बैठकीत निश्चल बसतात. उठल्यावर आपल्याच अंगाचा साचा तयार.

माझा हिशेब असा जमला: मूळ सीटवर हेल्मेट रेघेच्या दीड इंच वर होतं आणि मला ते दोन इंच खाली हवं होतं, म्हणजे साडेतीन इंच कमवायचे. बकेट सीट थेट तळाला लावून तीन मिळाले, उरलेला अर्धा बुटक्या हेल्मेटने दिला. फोमचा इंच वाया गेला, कारण ती सीटच गेली.

पट्ट्यांचं गणित

बकेट सीट आली की पाच किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस घ्यायची इच्छा होतेच. इथे उंच माणसाने जरा थांबावं.

हार्नेस माणसाला सीटला उभा बांधून ठेवतो. गाडी उलटली तर साध्या तीन-टोकी बेल्टमध्ये अंग थोडं बाजूला तरी कलतं. हार्नेसमध्ये ते ताठच राहतं. म्हणून चांगल्या रोल बारशिवाय हार्नेस नकोच, असं जुने लोक बजावतात आणि ते बरोबर आहे. दोन पायांमधून येणारा पट्टा नसलेला चार-टोकी हार्नेसही नको: खांद्याचे पट्टे ओढले की ते मांडीवरच्या पट्ट्याला वर खेचतात आणि परत तेच सबमरीनिंग.

पण उंचीचा खरा प्रश्न खांद्यापाशी येतो. खांद्याचे पट्टे खांद्यावरून मागे जाताना सरळ आडवे, फार तर वीसेक अंश खाली उतरते हवेत. त्याहून जास्त उतरले की धडकेत ते खांद्यांना मागे धरण्याऐवजी खाली दाबतात, आणि तो दाब कण्यावर येतो. लांब कण्याच्या माणसाचे खांदे सीटच्या पाठीला पट्ट्यांसाठी ठेवलेल्या भोकांच्या वर येतात. पट्टा खांद्यावरून खाली त्या भोकात शिरतो आणि मग मागे जातो. बाहेरून सगळं झकास दिसतं. म्हणून सीट निवडताना हेल्मेटइतकंच या भोकांच्या उंचीकडे बघा: भोकं खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवीत.

२००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला झालेल्या इजेने गेला आणि त्याच वर्षी नॅसकार या अमेरिकी शर्यत-संस्थेने डोकं-मान बांधणारं साधन सक्तीचं केलं. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध हान्स. खांद्यावर कॉलरसारखं बसतं, हार्नेसचे पट्टे त्याला दाबून धरतात आणि दोन दोर हेल्मेटला जातात. घ्यावंच. पण तेही अंगाला आणि सीटला जुळलं पाहिजे. २००३ च्या मलेशियन ग्रांप्रीत मिनार्डी संघाची गाडी चालवणाऱ्या जस्टिन विल्सनचं, तो सहा फूट चार इंच, हान्स जागचं सरकलं आणि त्याचे हात इतके बधिर झाले की त्याला शर्यत सोडावी लागली. फॉर्म्युला वनच्या संघाकडूनही हे सुटू शकतं, तर आपण गॅरेजमध्ये किती वेळा तपासायला हवं!

पाय आणि स्टिअरिंग

याचं थोडक्यात. पहिल्या दोन पिढ्यांत स्टिअरिंग वर-खाली होत नाही. एनसीपासून ते वर-खाली होतं, आणि पुढे-मागे व्हायला २०१९ चं मॉडेल उजाडावं लागलं. म्हणून उंच माणसाला नवी गाडी घेणं परवडत असेल तर २०१९ नंतरची एनडी, आणि परवडत नसेल तर सगळ्यांत ऐसपैस एनसी, असं मी सांगेन. मी स्वतः एनए, म्हणजे पहिल्या पिढीची, घेऊन बसलोय, पण प्रेम हे कारण नसतं.

जुन्या गाडीत लोक मूळ स्टिअरिंग काढून लहान, तळाशी सपाट असलेलं बसवतात. मांडीला जागा मिळते. त्याबरोबर एअरबॅग जाते. ट्रॅकपुरत्या गाडीत हार्नेस आणि हान्स असताना ते एकवेळ ठीक, पण रोज ऑफिसला नेणार असाल तर मी करणार नाही. पायांसाठी सर्वांत स्वस्त उपाय पातळ तळाचे बूट. बारा नंबरचा जाड स्पोर्ट्स शू ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबतो, आणि तो शोध वळणाच्या तोंडावर लागू नये.

घरी जाताना

एक गोष्ट ट्रॅकवर कुणी तपासत नाही. रोल बार डोक्यामागे काही इंचांवर असतो, आणि उंच माणूस सीट पार मागे ढकलतो, म्हणजे आणखी जवळ. ट्रॅकवर हेल्मेट असतं. संध्याकाळी हेल्मेट डिकीत आणि आपण टर्नपाइकवर, म्हणजे महामार्गावर. मागून कुणी धडकलं तर सीट मागे वाकते आणि उघडी कवटी पोलादाच्या नळीवर जाते. त्यासाठी बारवर शर्यतीच्या सुरक्षा साधनांच्या एसएफआय ४५.१ मानकाचं घट्ट, कडक पॅडिंग लावायचं. नळाला गुंडाळतात तसला मऊ स्पंज नाही. तो बोटाने दाबला तरी चपटा होतो, डोक्याने किती होईल बघा. सीटवर बसून मागे वाका, बिनहेल्मेटचं डोकं बारला लागतं का बघा. लागत असेल, तर ती गाडी ट्रेलरवरच न्यायची.

पुढच्या वर्षी मिलव्हिलला दांडा हेल्मेटवरून सरकत चौकटीवर जाऊन टेकला. तपासनीसाने मध्ये दोन बोटं घालून बघितली आणि दारावर स्टिकर चिकटवलं. घरी आल्यावर बायकोने, ती पाच फूट एक इंच, किल्ली मागितली; उन्हाळ्यात संध्याकाळी समुद्रावर ही गाडी तीच नेते. सीट आता तळाला बोल्ट केलेली, एक इंचही पुढे सरकत नाही. ती बसली, पाय लांब केला, क्लचपर्यंत पोचला नाही. डॅशबोर्डच्या वरून तिला वायपर तेवढे दिसत होते. "माझी गाडी कुठाय?" तिने विचारलं. जुनी सीट, फोम कापलेली, अजून गॅरेजमध्ये चादरीत गुंडाळून ठेवलेली आहे. चार बोल्ट, पाऊण तास. जूनपासून दर शुक्रवारी मी ती बदलतो.